गार धूर

कॉलेजात असताना प्रीतम तायडेने एकदा मित्राच्या हातची सिगारेट ओढून पाहिली होती. पहिल्याच झुरक्याला घशात मिरचीपूड गेल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि वसतिगृहाच्या मागच्या भिंतीशी बसून त्याने दुपारचं जेवण बाहेर काढलं. आपल्याला हे व्यसन कधी लागणार नाही, अशी त्याची तेव्हाच खात्री पटली. पुढची सात वर्षं ती खात्री टिकलीसुद्धा.

मग तो अकोल्यात वीज कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागला. खांबावर चढायचं, फ्यूज बसवायचा, तुटलेली तार जोडायची. एका उन्हाळ्यात दुपारच्या सुट्टीत त्याचा जोडीदार नितेश याने त्याच्यापुढे एक पाकीट धरलं.

"मी नाई ओढत रे," प्रीतम म्हणाला.

"हे ते नाई, येड्या. हे थंडं हाये. इथं बोटानं दाब."

प्रीतमने दाबलं. आतली बारीक गोळी टक् करून फुटली. त्याने भीत भीत झुरका घेतला आणि ठसक्याची वाट पाहत राहिला. ठसका आलाच नाही. उलट, मेच्या त्रेचाळीस डिग्रीत घशातून छातीपर्यंत एक गार झुळूक उतरली. पान खाऊन वर थंड पाणी प्यावं तशी.

"हे तं मस्त हाये बे!" तो म्हणाला.

एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दोन वर्षांनी तो दिवसाला आठ-नऊ ओढत होता आणि तरीही स्वतःला सिगारेट पिणारा समजत नव्हता. सिगारेट पिणारे म्हणजे ते, ज्यांच्या शर्टाला वास येतो, जे सकाळी उठून खाकरतात. हे आपलं थंडं म्हणजे जवळजवळ सरबतच. नितेशला तो असं सांगायचाही.

घरी मात्र त्याने ही गोष्ट लपवून ठेवली होती. त्याची आई इंदूबाई नाकाने तिखट होती. पोराच्या तोंडाला दर संध्याकाळी पुदिन्यासारखा वास येतो, हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यावर तिने जे अनुमान काढलं, ते तिचं स्वतःचं होतं.

"प्रीतम, तुले गॅस होते का रे? हे पोटाचं औषध कावून घेऊन राहिला?"

प्रीतम क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "हो न आई. जळजळते थोडं."

त्या दिवसापासून घरात दोन भाज्या होऊ लागल्या. प्रीतमचे वडील देवराव पोस्टातून निवृत्त झाले होते. ते आणि इंदूबाई ठेच्याशी भाकर खायचे, आणि प्रीतमच्या ताटात पिवळं वरण, उकडलेला दोडका, वरून ओव्याचं पाणी. तो मुकाट्याने गिळायचा. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून त्याला ते बरोबरच वाटायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये अमरावतीचं स्थळ आलं. मुलीचं नाव प्रियदर्शनी वानखडे, एका फार्मसी कॉलेजात शिकवणारी, औषधशास्त्र हा तिचा विषय. प्रीतम आईवडिलांसोबत गेला. पोहे झाले, चहा झाला, कोण कुठल्या गावचं हे विचारून झालं, आणि मुलीच्या आईने दोघांना गच्चीवर पाठवलं.

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. प्रियदर्शनीने त्यातली एक बाजूला सारली, कठड्याला टेकली आणि सरळ विचारलं, "तुमी ओढता ते गोळीवाली का?"

प्रीतमच्या तोंडचं पाणी पळालं. येताना बडनेऱ्याला उतरल्यावर त्याने एक ओढली होती, पण त्यानंतर बडीशेप खाल्ली होती, खिशातली वेलची चघळली होती.

"तुम्हाले कसं समजलं?"

"माह्या वर्गात साठ पोरं हायेत. अर्धे मधल्या सुट्टीनंतर असेच पुदिन्याचे मळे होऊन येतात." ती हसली. चिडवल्यासारखं नव्हे, मजा वाटल्यासारखं. त्याला जरा धीर आला.

"पण ते कडक नसते," तो म्हणाला. "थंडं असते. साधी मले ओढवत नाई. म्हणून तर मले सवय नाई लागली. मी केव्हाबी सोडू शकतो."

"दातवाल्याकडे गेले कधी तुमी?"

"गेलो न."

"तो आधी हिरडीत सुई देते. मंग दात ओढते. तुम्हाले समजत नाई. म्हणून काय दात ओढलाच नाई?" ती आता शिकवायच्या आवाजात बोलू लागली होती. "मेंथॉल तेच करते. घशात गारवा ओळखणारी जी नस हाये, तिले ते जागं करते. खरं गार काहीच नसते. धूर तेवढाच गरम, तेवढाच जहाल. पण गार वाटते, म्हणून जळजळ कळत नाई. कळत नाई म्हणून तुमी खोल ओढता. अन् निकोटीन तं त्या गारव्याच्या पाठीवर बसून बरोबर डोक्यात पोचते. पहिल्याच दिवशी ठसका लागला असता, तं दुसरी ओढली असती का?"

प्रीतमला वसतिगृहाची मागची भिंत आठवली. "नसती," तो म्हणाला.

"अन् हे ओढणाऱ्याले सोडणंही जास्त जड जाते, असं दिसलं हाये."

"मंग आता? सोडतो म्हणून लिहून देऊ का?"

"मले कायले लिहून देता? मी काही अट घालून नाई राहिली." तिने क्षणभर विचार केला. "एक करा. सोडू नका. फक्त थंडी काढून टाका. पंधरा दिवस साधी ओढा, पाहिजे तेवढी. अन् काय होते ते मले खरं सांगा. खरं मात्र सांगा."

एवढं बोलून तिने आपला नंबर दिला. जिन्यावरून उतरताना प्रीतमच्या मनात आलं, आजवर आपण जितक्या मुली पाहिल्या, त्यांच्यात ही पहिली, जिच्याशी बोलताना पोट आत ओढून धरावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओमप्रकाशच्या पानठेल्यावर गेला आणि साधी सिगारेट मागितली. ओमप्रकाशने पाकिटाकडे न बघता नेहमीचीच काढली.

"हे नाई. साधी."

"तब्येत बरी हाये न, भाऊ?" ओमप्रकाश म्हणाला.

पहिल्या झुरक्याला प्रीतम असा खोकला की शेजारी चहा पिणाऱ्या माणसाने त्याची पाठ थोपटली. दुसरा झुरका त्याने अगदी हळू, जिभेच्या टोकावर घेतला. तरी घसा सोलल्यासारखा झाला. तिसरा काही त्याच्याने घेववला नाही. दोन वर्षं दिवसाला आठ-नऊ ओढणारा माणूस एक सिगारेट संपवू शकत नव्हता.

इतपत गंमत होती. पण संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पाना सापडेना म्हणून तो नितेशवर एवढा ओरडला की नितेशने पाना त्याच्याच कमरेला लटकलेला दाखवला आणि नंतर तासभर त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी रस्त्यात कोणी थंडी ओढत होतं, तर प्रीतम त्याच्या मागे मागे वीस पावलं चालत गेला. मग भानावर आला आणि लाजून वळला. केव्हाही सोडू शकतो म्हणणारा हाच का तो, असं त्याला वाटलं. पण तलफ काही लाजेने जात नव्हती.

पाचव्या दिवशी त्याला युक्ती सुचली. साधीच ओढायची, असं ठरलं होतं. पण थंडी आपण वरून लावू नये, असं कुठं ठरलं होतं? पानात टाकायचं पिपरमिंट ओमप्रकाशकडे डबीत असतं. सुईएवढे पांढरे खडे.

"चिमूटभर दे न."

"पानात टाकू?"

"नाई. हातात दे."

ओमप्रकाशने दिलं. पानात त्याचा कण पुरतो. प्रीतमने सबस्टेशनच्या मागे बसून अर्धी चिमूट सिगारेटच्या टोकापासून बुडापर्यंत चोळली. उरलेली तंबाखूत कोंबली आणि पेटवली. झुरका घेतला मात्र, नाकाडोळ्यांतून जणू बर्फ आणि जाळ एकदमच गेला. तो खोकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते पुसलं. ज्या बोटांनी पिपरमिंट चोळलं होतं, त्याच बोटांनी.

नितेश धावत आला तेव्हा प्रीतम दोन्ही डोळे मिटून नळ शोधत होता.

"काय झालं बे? शॉक बसला काय?"

"थंडी वाजून राहिली डोळ्याले!" प्रीतम ओरडला.

नितेशने त्याला नळाखाली धरलं. वीस मिनिटं पाणी मारलं तेव्हा आग कमी झाली, पण डोळे टोमॅटोसारखे लाल झाले आणि धारा थांबेनात. साहेबांनी घरी पाठवलं. नितेशने गाडीवर मागे बसवून आणलं, दारात सोडलं, आणि खरं काय ते सांगायची वेळ येऊ नये म्हणून तसाच पळाला.

इंदूबाईने पोराचे डोळे पाहिले आणि तिच्या काळजात चर्र झालं. अमरावतीहून पाच-सहा दिवस काही निरोप नव्हता.

"राजा," ती त्याला जवळ घेत म्हणाली, "एका पोरीसाठी इतकं रडतात का रे? नाई म्हणली तं नाई म्हणली. दुसरी पाहू."

"आई, तसं नाई..."

"मले सांगू नको. माय हाव मी."

प्रीतम तोंड धुवायला आत गेला तेवढ्यात तिने अमरावतीला फोन लावलासुद्धा. तुमचं नाही असेल तर तसं सांगून टाका, माझा पोरगा इथे ड्युटी सोडून घरी येऊन रडून राहिला, असं तिने प्रियदर्शनीच्या आईला ऐकवलं. तिकडे घरात एकच गोंधळ उडाला. त्यांचा होकारच होता. फक्त रविवारी मामा आल्यावर कळवायचं ठरलं होतं.

पंधरा मिनिटांत प्रीतमचा फोन वाजला.

"तुमी रडून राहिले म्हणे?" प्रियदर्शनी विचारत होती. आवाजात काळजीही होती आणि हसूही.

खरं सांगायचं ठरलं होतं. प्रीतम अंगणात कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने पहिल्या ठसक्यापासून पिपरमिंटपर्यंत सगळं सांगितलं. रस्त्यातल्या माणसाच्या मागे वीस पावलं गेलो, हेसुद्धा. पलीकडून आधी एक हुंकार आला, मग काही तरी आपटल्याचा आवाज, आणि मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. हसता हसता तिला उचकी लागली. प्रीतमलाही हसू फुटलं. लाल डोळ्यांनी झाडाखाली एकटाच हसणारा पोरगा पाहून देवरावांनी खिडकीतून इंदूबाईला हाक मारली.

"आता पाहा," श्वास सावरल्यावर ती म्हणाली. "तुमाले वाटत होतं, थंडी हाये म्हणून सवय नाई लागली."

"थंडी होती म्हणूनच लागली," प्रीतम म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज हलका झाला होता. "साधी मले मुळात ओढवतच नाई. अन् नाई ओढली तं राहवतही नाई. हे काय हो झालं?"

"हेच पाह्यचं होतं. मी सांगतलं असतं तं तुमी हो हो म्हणून विसरले असते."

"मले सोडाचं हाये. खरंच."

"मंग एकट्यानं नका करू. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचं केंद्र असते. उद्या जा."

तो दुसऱ्याच दिवशी गेला. तिथल्या रश्मी मॅडमनी त्याची सगळी हकिकत लिहून घेतली. पिपरमिंटपाशी त्यांचं पेन थांबलं, पण त्या हसल्या नाहीत, याबद्दल प्रीतम त्यांचा कायमचा ऋणी राहिला. त्यांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं, ते कसं चघळायचं आणि कधी गालात धरून ठेवायचं ते दाखवलं. पुदिन्याच्या चवीचं नको, असं त्याने आपणहून सांगितलं. पानाच्या चवीचं मिळालं.

"तलफ पाच-सात मिनिटांची असते," त्या म्हणाल्या. "तेवढा वेळ हाताला काम द्या. काहीही."

प्रीतमने हाताला लसूण दिला. घरी तलफ आली की तो चुलीजवळची टोपली ओढून लसूण सोलायला बसायचा. लसूण संपला की तुरीच्या शेंगा, शेंगा नसल्या की भांडी. दोन आठवड्यांत घरात सोललेल्या लसणाच्या तीन बरण्या भरल्या. भाकरी थापायलाही शिकला. पहिल्या दहा कोणत्याही देशाच्या नकाशासारख्या झाल्या, अकरावी गोल आली. इंदूबाई शेजारच्या पार्वताबाईला अभिमानाने सांगायची, "लग्न ठरलं म्हणून पोट्टा सैपाक शिकून राहिला व माय. आजकालचे पोरं समजदार हायेत." नाही म्हणायला एकदा पाय घसरला. बार्शीटाकळीला लाइनच्या कामावर दिवसभर पावसात भिजल्यावर त्याने कोणाकडून तरी थंडी घेऊन अर्धी ओढली. त्याच संध्याकाळी प्रियदर्शनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. अर्धी फेकली न? मंग चालू ठेवा." रागावली नाही, हे त्याला फार मोलाचं वाटलं.

सप्टेंबरच्या अखेरीस अमरावतीत साखरपुडा झाला. प्रियदर्शनीच्या घराजवळच्या विहारात दोन्हीकडची मिळून साठ-सत्तर माणसं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण म्हटलं, मग पंचशील. सगळे मागून म्हणत होते. प्रीतम लहानपणापासून ते म्हणत आला होता, झोपेतही म्हटलं असतं. पण चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, त्याचा आवाज अडकला. सगळ्यांचा सूर पुढे गेला आणि त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. समोर पहिल्या रांगेत इंदूबाई हात जोडून बसली होती. गेल्या दोन वर्षांची पिवळी वरणं त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

वंदना संपली. अंगठ्या घालायच्या आधी तो एकदम म्हणाला, "आई, एक सांगाचं हाये."

प्रियदर्शनीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मले गॅस नव्हता," प्रीतम म्हणाला. "कधीच नव्हता. मी सिगारेट ओढत होतो. थंडीवाली. तो वास तिचा होता. आता सोडली, सहावा आठवडा हाये. पण तुले खोटं सांगतलं होतं."

साठ-सत्तर माणसं इंदूबाईकडे बघायला लागली. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी तुह्यासाठी बिनतिखटाची भाजी वेगळी करून राहिली! रोज दोन गंज घासले! ओवा कुठचा चांगला म्हणून अकोटवरून मागवला!"

"माफ कर, आई."

"सिगारेट ओढली त्याचं मंग पाहू," तिचा आवाज चढला, "पण तो दोडका कावून खाल्ला रे बाप्पा? मले तं वाटलं तुले आवडते!"

सगळ्यांत आधी देवराव हसले. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे गदगदायला लागले. मग प्रियदर्शनीचे मामा, मग बायकांची मागची रांग, आणि शेवटी बौद्धाचार्यांनी उपरण्याने तोंड झाकलं. इंदूबाईने सगळ्यांकडे एकदा रागाने पाहिलं आणि मग तिलाही आवरलं नाही. हसता हसता डोळे पुसत तिने प्रियदर्शनीला विचारलं, "अन् तुले हे माहीत होतं व?"

"पहिल्या दिवशीपासून, आई."

"तरी हो म्हणली?"

"खरं सांगतो म्हणले होते. सांगत गेले." प्रियदर्शनी म्हणाली. "आज तुमालेही सांगतलं."

इंदूबाईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. त्या दुपारच्या पंगतीत तिने स्वतः प्रीतमच्या ताटात ठेचा वाढला, एकदा नव्हे, तीनदा. सवय मोडल्यामुळे त्याच्या कपाळाला घाम फुटला, पण त्याने एक कणही ठेवला नाही.

लग्न नोव्हेंबरमध्ये झालं. प्रियदर्शनीची नोकरी अमरावतीला, त्याची अकोल्याला. बदलीचा अर्ज दिलेला होता, तोवर शनिवारची गाडी पकडायची आणि सोमवारी पहाटे परतायचं, असं चाललं होतं. डिसेंबरात एका शनिवारी तीच अकोल्याला आली आणि रविवारी दोघं नरनाळ्याला गेले. अकोटपर्यंत एसटी, पुढे शहानूरपर्यंत जीप, मग गडाची चढण.

प्रीतम भराभर चढत होता. महाकाली दरवाजापाशी त्याने मागे वळून पाहिलं, तर ती खाली एका दगडावर बसून धापा टाकत होती.

"काय हो मॅडम," त्याने वरून हाक मारली, "काय ओढता तुमी?"

"वर्गात उभं राहून राहून गुडघे गेले माहे!" ती ओरडली. "खाली या अन् हात द्या!"

तो खाली आला आणि हात दिला. वर तळ्याकाठी त्यांनी डबा उघडला. इंदूबाईने तिळाच्या चटणीसोबत भाकरी बांधून दिल्या होत्या. पाण्यावर ऊन होतं, पलीकडच्या काठाला पाखरं उतरत होती. खाऊन झाल्यावर प्रीतमचा हात नकळत रिकाम्या खिशाकडे गेला. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"आली," तो म्हणाला. "जेवण झालं, वारा सुटला, की येते अजून."

तिने आपल्या मोबाइलवर वेळ पाहिली आणि त्याच्या हातावर हात ठेवून बसून राहिली. पाखरं उठली, तळ्यावर एक चक्कर मारून पुन्हा बसली.

"गेली," थोड्या वेळाने प्रीतम म्हणाला.

"चार मिनिटं," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात सात होती."

मग त्यांच्या लक्षात आलं की परतीची जीप तीनला निघते आणि अडीच वाजून गेलेत. डबा पिशवीत कोंबून दोघं निघाले. उतारावर तिची चप्पल सटकली तशी तिने दोन्ही हातात घेतल्या आणि अनवाणीच धावू लागली. प्रीतम पिशवी छातीशी धरून तिच्या मागे. जीपवाल्याने दुरून त्यांना पाहिलं आणि हॉर्नवर हॉर्न दिले. वळणावर तिने मागे पाहत "चला न, चला!" म्हणून हाक दिली, आणि तो धावता धावताच, पूर्ण छाती भरून, "आलो!" म्हणून ओरडला.